बाईकचं मागचं चाक घरी काढायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः चेनवाल्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या साध्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे स्प्लेंडर, पॅशन, शाईन, ड्रमवाली पल्सर असल्या, कारण आपल्याकडे घरोघरी याच उभ्या असतात. मागे डिस्क असेल तर काय वेगळं ते खाली वेगळं सांगितलंय. ॲक्टिव्हा वगैरे स्कूटरचा प्रकार निराळाच, त्याचाही एक प्रश्न घेतलाय.

मुळात घरी काढायची गरजच काय? पंक्चरवाला काढतोच की.

रस्त्यावर पंक्चरवाला समोर असेल तर खुशाल त्यालाच काढू द्या, त्याच्या हाताला सवय असते. पण गाडी घरासमोर उभ्या उभ्या पंक्चर होऊन बसली, गाव आतलं, दुकान तालुक्याला, अशा वेळी ट्यूबवाली गाडी ढकलत नेली तर टायर आणि ट्यूब दोन्ही रिममध्ये चेचून निघतात. त्यापेक्षा चाक काढायचं, दुसऱ्याच्या गाडीवर मागे धरून बसायचं आणि नेऊन आणायचं. दुसरं कारण म्हणजे लायनर (ब्रेकमधले घासून झिजणारे भाग) बदलणं, हब रबर (चाक आणि चेनचं चक्र यांच्या मधले रबरी तुकडे) बदलणं, बेअरिंग बघणं, यातलं काहीही करायचं तर चाक बाहेर यायलाच लागतं, आणि एकदा घरी काढता आलं की ही कामं पण घरी होतात.

ट्यूबलेस टायर असेल तर नुसत्या खिळ्याच्या पंक्चरला चाक काढायची काहीच गरज नाही, जागेवर दोरी घालून काम होतं. तारांच्या म्हणजे स्पोकच्या चाकात मात्र बहुतेक वेळा ट्यूबच असते.

अवघड आहे का? मी कधी पाना पण हातात धरला नाही.

काढणं सोपं आहे. खरं लक्ष द्यायचं ते परत बसवताना, कारण काढताना काही चुकलं तर फार तर चाक निघत नाही, पण बसवताना चुकलं तर गाडी चालू लागते, छान चालते, आणि चूक कळते ती पहिल्या जोरात मारलेल्या ब्रेकला. म्हणून या पानावर बसवण्याबद्दल जास्त लिहिलंय, काढून झालं की बाकीचं न वाचता सुटू नका.

पहिल्यांदा करताना दुपारी सुरू करा, संध्याकाळी उजेड जाताना नको. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचंय म्हणून रात्री दहाला तर अजिबातच नको.

काय काय हत्यारं लागतात?

एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना बसतील असे दोन पाने, आणि ते रिंग पाने किंवा सॉकेट. कितीचे, तर गाडीगणिक फरक आहे, तुमच्या नटवर पाना लावून बघा आणि घट्ट बसेल तोच घ्या. स्क्रू पान्याने एक्सलचा नट खोलायला जाऊ नका, तो घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट कोणाच्याच पान्याला दाद देत नाही. गाडीबरोबर आलेल्या टूलकिटचा पाना अडीअडचणीला ठीक, पण तो आखूड असतो, जोर लागत नाही.

बाकी पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर, रबरी किंवा लाकडी हातोडा, नसेल तर साधा हातोडा आणि लाकडाचा ठोकळा, गंज सोडवायचा स्प्रे, थोडं ग्रीस, जुनी फडकी. एक फळी हवी, साधारण इंचभर जाडीची, ती कशाला ते पुढे येतंय. सुटे भाग ठेवायला कडा असलेलं जुनं ताट घ्या, वर्तमानपत्रावर ठेवलेला वायसर वाऱ्याने कागद उडाला की कुठे जातो ते कळत नाही.

आणि मोबाईल. काही सोडवायच्या आधी दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा, कुठला बुश (एक्सलवरची छोटी नळी) कुठल्या बाजूला, वायसर आत की बाहेर, ब्रेकची पट्टी कशी बसलीय, सगळं दिसेल असे.

गाडी कशी उभी करायची?

सपाट, कडक जमिनीवर, डबल स्टँडवर. मातीचं अंगण असेल तर स्टँड एका बाजूने रुततो आणि चाक निघाल्यावर, म्हणजे मागचं वजन गेल्यावर, गाडीचा तोल बदलतो. फरशी किंवा कोबा उत्तम.

गाडी स्टँडवर घ्यायच्या आधी स्टँडच्या पायांखाली ती फळी सरकवा. नुसत्या डबल स्टँडवर मागचं चाक जमिनीपासून जेमतेम उचललं जातं आणि मडगार्डखालून बाहेर काढायला जागा पुरत नाही, फळीने ती जागा मिळते. दोन्ही पाय फळीवर नीट आलेत ना ते बघून घ्या.

पुढचा ब्रेक दाबून लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधून टाका. पुढच्या चाकाला एक वीट लावली तरी चालेल पण बांधणं जास्त भरवशाचं, गाडी स्टँडवरून पडते ती पुढे सरकूनच.

जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, त्यात असा हाताने फिरवायचा कॉक सहसा नसतो.

माझ्या गाडीला डबल स्टँडच नाही, ड्यूक आहे.

मग पॅडॉक स्टँड घ्या, म्हणजे गाडीची मागची बाजू उचलून धरणारा वेगळा स्टँड. दुसरं काही जुगाड सुचवणार नाही. स्विंग आर्मखाली, म्हणजे मागचं चाक दोन्हीकडून धरणाऱ्या दांड्यांखाली, विटा रचणं, साईड स्टँडवर तिरकी करून दुसऱ्या बाजूने बांबूचा टेका देणं, हे सगळं लोक करतात आणि सगळ्याचे व्हिडिओ पण आहेत, पण तुमचा हात चाकाच्या आत असताना ती गाडी पडली तर काय. पॅडॉक स्टँड घेताना मात्र एक्सलला धरणारा घेऊ नका, स्विंग आर्मला धरणारा हवा, कारण एक्सलच काढायचाय. एवढ्यासाठी स्टँड घ्यायचा नसेल तर अशा गाडीचं चाक गॅरेजमध्येच काढलेलं बरं.

चेनच्या बाजूला एकात एक दोन नट दिसतात, कुठला खोलायचा?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि यातच नवखा माणूस गडबडतो.

स्प्लेंडर, पॅशन आणि अशा बऱ्याच गाड्यांना चेनच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, एक मोठा नट असतो आणि एक छोटा. छोटा तो एक्सलचा. मोठा तो स्लीव्ह नट. मागचं दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, ज्या ड्रमवर बसतं तो ड्रम एका पोकळ नळीवर असतो आणि ती नळी मोठ्या नटाने स्विंग आर्मला वेगळी कसलेली असते. एक्सल त्या नळीच्या आतून आरपार जातो.

याचा फायदा असा की तुम्ही फक्त छोटा नट सोडवून एक्सल ओढला तर चाक सुटून बाहेर येतं आणि स्प्रॉकेट, चेन, चेनकव्हर सगळं जागच्या जागी राहतं. चेन काढायची नाही, हात काळे करायचे नाहीत, चेनकव्हर तर खोलायचंच नाही. पंक्चर, लायनर, हब रबर या कशासाठीही मोठ्या नटाला हात लावायची गरज नाही. तो ढिला करायचा फक्त चेन टाईट करताना, आणि पूर्ण खोलायचा चेन किट बदलताना किंवा त्या ड्रमचं बेअरिंग बदलताना.

एकच नट असेल तर मग तुमची गाडी दुसऱ्या पद्धतीची, चाकाबरोबर स्प्रॉकेटही येणार. त्यात चेनचे ॲडजस्टर, म्हणजे चाक पुढे मागे सरकवायचे स्क्रू, ढिले करायचे, चाक पुढे ढकलायचं, चेन सैल पडली की स्प्रॉकेटवरून उतरवून बाजूला घ्यायची आणि मग चाक मागे ओढायचं. ॲडजस्टर ढिला करताना दोन्ही बाजूंना सारखेच फेरे फिरवा आणि किती ते लिहून ठेवा, परत तेवढेच आवळायचेत.

बरं, आता क्रमाने सांगा. आधी काय सोडवायचं?

आधी ब्रेक. मागे ब्रेकचा लांब रॉड असतो, त्याच्या टोकाला हाताने फिरणारा ॲडजस्टर नट. तो पूर्ण काढा, रॉड पुढे ढकलला की ब्रेकच्या आर्ममधून सुटतो. तिथे एक छोटी गोल पिन आणि स्प्रिंग असते, ती पिन हमखास टपकन पडते आणि गडगडत जाते, म्हणून खाली हात धरा. सुटल्या सुटल्या पिन, स्प्रिंग आणि नट परत त्या रॉडवरच चढवून ठेवलं तर हरवायचा प्रश्नच येत नाही.

मग टॉर्क आर्म, म्हणजे ब्रेकच्या प्लेटपासून स्विंग आर्मपर्यंत जाणारी लोखंडी पट्टी. तिच्या बोल्टला स्प्लिट पिन असते, ती पक्कडीने सरळ करून काढायची, नट खोलायचा, पट्टी खाली सोडायची. काही गाड्यांना ही पट्टी नसते, प्लेटवरची खाच स्विंग आर्मच्या उंचवट्यात बसते, तिथे हे काम वाचलं.

आता एक्सलचा नट. दुसऱ्या बाजूने एक्सलचं डोकं दुसऱ्या पान्याने धरून ठेवा नाहीतर नट आणि एक्सल दोन्ही गोल फिरत बसतात. नट निघाला की एक्सल उजवीकडे ओढा, जरा हलवत, गोल फिरवत ओढला की येतो. काही गाड्यांत सायलेन्सर आडवा येतो, मग सायलेन्सरचा मागचा बोल्ट काढून तो थोडा खाली घ्यावा लागतो. साडी गार्ड आडवा येत असेल तर तो पण काढा, पण काम झाल्यावर परत लावा, चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असणं मोटार वाहन नियम १२३ मध्येच सांगितलंय आणि कारण पण तसंच आहे, ओढणी पदर अडकून अपघात होतात.

एक्सल बाहेर आला की उजव्या बाजूचा बुश खाली पडेल, तो ताटात. मग अख्खं चाक उजवीकडे ओढा म्हणजे डावीकडच्या ड्रममधून ते सुटेल. रबर घट्ट असेल तर थोडं अडतं, हलवून ओढा. सुटलं की ब्रेकची प्लेट लायनरसकट हाताने बाहेर निघते.

शेवटी चाक मडगार्डखालून बाहेर काढायला दुसऱ्या माणसाला सांगा की गाडी स्टँडवरच डावीकडे थोडी कलती धर, आणि तुम्ही चाक उजवीकडून काढा. एकट्याने कलती करायला जाऊ नका. फळी ठेवली असेल तर बऱ्याचदा कलती करावीच लागत नाही.

एक्सल निघतच नाही, गंजलाय.

रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गोवा, म्हणजे जिथे खारी हवा आणि चार महिने पाऊस, तिथल्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. एक्सल आतल्या नळीला गंजाने धरून बसतो.

दोन्ही टोकांना स्प्रे मारा आणि सोडून द्या, चहा पिऊन या, शक्य असेल तर रात्रभर तसंच राहू द्या. मग नट परत एक्सलवर चढवा, इतकाच की नटाचं तोंड आणि एक्सलचं टोक एका पातळीत येईल, आणि त्यावर लाकडाचा ठोकळा धरून ठोका. उघड्या आट्यांवर थेट हातोडा कधीच मारायचा नाही, टोक पसरतं, मग नट पण चढत नाही आणि एक्सल पण नळीतून बाहेर येत नाही. थोडा हलला की डोक्याकडून पाना लावून गोल फिरवायचा प्रयत्न करा. एकदा फिरला की निघालाच समजा.

निघाल्यावर गंज पॉलिश पेपरने घासा, फरशीवर लोळवून बघा सरळ आहे का, वाकलेला एक्सल डगडगत लोळतो आणि लगेच ओळखू येतो, तो बदलायचा, ठोकून सरळ करायचा नाही. बसवताना ग्रीसचा पातळ हात फिरवा, आट्यांना सोडून मधल्या भागाला.

नट खोलायला पान्यात पाईप घालू का, तर घाला, पण जोर खाली किंवा स्वतःकडे येईल असा लावा आणि गाडी दुसऱ्याने धरलेली असू दे. आवळताना मात्र पाईप नको.

चाक बाहेर आलंच आहे तर काय काय बघून घेऊ?

लायनर बघा. त्यांची जाडी दोन्हीकडे सारखी आहे का, किती उरलीय, घासून धातूपर्यंत आलेत का. बऱ्याच गाड्यांना बाहेरून ब्रेकच्या आर्मवर बाणाची खूण असते, ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोचला की लायनर संपला, ही खूण चाक न काढता पण बघता येते. ड्रममधली काळी पूड तोंडाने फुंकू नका आणि हवेच्या पंपानेही उडवू नका, ती छातीत जाते, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस पण असायचं. ओल्या फडक्याने पुसा. लायनरच्या घासायच्या बाजूला आणि ड्रमच्या आत ग्रीसचा किंवा स्प्रेचा थेंब पण जाऊ देऊ नका. ज्यावर लायनर उघडतात त्या कॅमच्या दांड्याला मात्र अगदी जरासं ग्रीस हवं, तो सुका पडला की ब्रेक दाबल्यावर सुटत नाही.

हब रबर बघा, म्हणजे चाक आणि स्प्रॉकेटचा ड्रम यांच्या मधे जे रबरी तुकडे बसतात ते. गिअर बदलताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून परत दिल्यावर मागून ठक असा झटका बसत असेल तर नव्वद टक्के हेच. रबर खाचेत सैल बसत असतील, हाताने सहज उचलून येत असतील, कडा चेपल्या असतील तर पूर्ण सेट बदला, स्वस्तात मिळतो. जुगाड म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे कापून मधे घालतात, त्याने थोडे दिवस भागतं, पण तुकडे सरकतात आणि मग झटका आधीपेक्षा जास्त.

बेअरिंगमध्ये बोट घालून आतली कडी फिरवा. गुळगुळीत फिरायला हवी. रेती अडकल्यासारखी खरखर लागली किंवा बोटाला खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, तोच सांगून आणा. बेअरिंग ठोकून बसवताना बाहेरच्या कडीवर ठोकायचं, आतल्या कडीवर ठोकलेलं नवं बेअरिंग पण लवकरच आवाज करायला लागतं. याची सवय नसेल तर चाक तसंच घेऊन गॅरेजला जा, सुट्या चाकात बेअरिंग बसवणं त्यांचं दहा मिनिटांचं काम आहे.

स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले असतील तर चेन किट बदलायची वेळ झालीय, नुसती चेन बदलू नका, जुने दात नवी चेन खातात.

चाक पंक्चरवाल्याकडे नेताना काही सांगायचं का त्याला?

टायरवर बाण असेल तर फिरायची दिशा तीच हवी, एवढं त्याच्याकडून बघून घ्या, कारण सुट्या चाकाची पुढची बाजू कुठली ते त्याला कळायला मार्ग नाही. टायरच्या आतून हात फिरवून खिळा, काच, तार काढलीय ना ते पण बघा. डिस्कवालं चाक असेल तर ते डिस्कवर आडवं टाकायचं नाही, डिस्क वर.

बसवताना क्रम उलटा, एवढंच ना?

क्रम उलटाच आहे पण एवढंच नाही.

ब्रेकची प्लेट चाकात घाला. चाक गाडीखाली घ्या, डावीकडे सरकवून समोरच्या ड्रमची बोटं हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातल्या, रबरांमध्ये बसवा. इथे जोर लावण्याआधी चाक थोडं पुढे मागे फिरवा, बोटं रबरांच्या मधल्या खाचेसमोर आली की चाक आपोआप आत जातं, आणि नाही आली तर कितीही ढकला, जाणार नाही.

आता चाक उचलून धरायचं, एक्सल घालायचा आणि बुश पण धरायचा, हात दोनच. गाडीच्या मागे जमिनीवर बसा, दोन्ही पावलं टायरखाली घाला आणि चवड्यांनी चाक वर उचला. दोन्ही हात मोकळे. पायाने मिलिमीटर मिलिमीटर वर खाली करता येतं, भोकं समोरासमोर आली की एक्सल हाताने आत जातो. हातोड्याने ठोकावा लागत असेल तर भोकं जुळलेली नाहीत, थांबा आणि परत बघा. नट फक्त हाताने फिरेल तेवढा लावा, आवळू नका.

मग टॉर्क आर्म. ही पट्टी विसरून गाडी रस्त्यावर आली तर काय होतं ते समजून घ्या. ब्रेक लागला की लायनर ड्रमला धरतात आणि ड्रम त्यांना, पर्यायाने त्या अख्ख्या प्लेटला, स्वतःबरोबर फिरवायला बघतो. तिला रोखून धरणारी एकच गोष्ट म्हणजे ही पट्टी. ती नसेल तर प्लेट फिरते, रॉड वाकतो किंवा तुटतो आणि मागचं चाक जाम होऊ शकतं. हळू चालवताना, अंगणात चक्कर मारताना काहीच कळत नाही. म्हणून पट्टी लावा, नट आवळा, आणि स्प्लिट पिन नवी घाला. जुनी पिन दुसऱ्यांदा वाकवली की मोडते. तिच्या जागी बाइंडिंग तार घालणारे पण आहेत, ते करू नका.

मग ब्रेकचा रॉड, स्प्रिंग, पिन, ॲडजस्टर.

आणि आता एक गोष्ट जी गॅरेजवाले पण घाईत सोडून देतात. एक्सलचा नट पूर्ण आवळण्याआधी चाक हाताने फिरवा, पायाचा ब्रेक जोरात दाबा आणि दाबलेलाच ठेवा, आणि तो दाबलेला असताना नट आवळा. त्याने लायनर ड्रमच्या बरोबर मध्यावर येतात. असं न करता आवळलं तर एकच लायनर जास्त घासतो, ब्रेक मऊ लागतो आणि मग लोक नवे लायनर खराब निघाले म्हणून दुकानदाराशी भांडतात.

नट किती टाईट करायचा?

साध्या गाड्यांचा आकडा बहुधा ५० ते ७० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, नेमका तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क पाना, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अंदाज असा की ३० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलो उचलायला लागेल एवढा जोर लावला तर साधारण ६० न्यूटन मीटर होतं. म्हणजे एका हाताचा चांगला खणखणीत जोर. पान्यावर उभं राहायचं नाही.

नट नायलॉन पट्टीचा असेल आणि आता हाताने सहज पूर्ण फिरत असेल तर तो बदला.

चेन किती सैल हवी? आणि चाक सरळ बसलं हे कसं कळणार?

१०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर खाली हलवल्यावर २० ते ३० मिलिमीटर खेळ चालतो. नक्की आकडा, आणि तो कुठल्या स्टँडवर मोजायचा, हे मॅन्युअलमध्ये असतं. चाक हळूहळू फिरवत चार ठिकाणी मोजा कारण चेन सगळीकडे सारखी नसते, जिथे सगळ्यात टाईट लागते तिथला आकडा धरा. जास्त टाईट चेन सैल चेनपेक्षा वाईट, ती बेअरिंग खाते, आणि दोघं बसून खड्ड्यातून गेलात की अजून ताणते.

स्विंग आर्मवर रेघा असतात, दोन्हीकडे सारख्या रेघेवर ॲडजस्टर आणायचा. जुन्या बुलेटला खाचांचे गोल कॅम असतात, तिथे दोन्हीकडच्या खाचा मोजायच्या. जुन्या गाडीत रेघांवर फार भरवसा नको, स्विंग आर्मच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेपने दोन्ही बाजूंना मोजा, अंतर सारखं हवं. आणि मागून डोळा लावून बघा, चेन स्प्रॉकेटवर सरळ रेषेत चढतेय का.

स्लीव्ह नटवाल्या गाडीत तुम्ही मोठा नट आणि ॲडजस्टर यांना हात लावला नसेल तर डावी बाजू होती तिथेच आहे, फक्त उजवा ॲडजस्टर नीट टेकलाय ना बघा.

चेन लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, काढला असेल तर परत लावताना त्याच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला, उघडी बाजू मागे.

मागे डिस्क ब्रेक आहे, काय वेगळं?

काम उलट थोडं कमी आहे, रॉड नाही, पट्टी सहसा नाही. कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा भाग, ज्या ब्रॅकेटवर असतो ते स्विंग आर्मच्या खाचेत बसतं, एक्सल निघाला की ते सुटं होतं, त्याला ऑइलच्या पाईपवर लोंबकळू देऊ नका, दोरीने वर बांधा. चाक बाहेर असताना पायाचा ब्रेक चुकूनसुद्धा दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क पॅडच्या मधे जात नाही. घरात लहान मुलं असतील तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा, कोणी दाबलाच तर वाचाल.

डिस्कला ग्रीसचे हात नकोत.

बसवून झाल्यावर गाडी हलवण्याआधी पायाचा ब्रेक चार पाच वेळा दाबा, आधी खाली जाईल मग कडक होईल. कडक झाल्याशिवाय गाडीवर बसू नका. हे विसरलात तर गेटच्या बाहेर पहिला ब्रेक रिकामा जातो.

एबीएस किंवा सीबीएस असेल तर?

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा ब्रेक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे अलीकडच्या गाडीत दोन्हीपैकी एक असणारच. सीबीएसमध्ये पायाच्या ब्रेकपासून पुढच्या ब्रेककडे जाणारी वेगळी केबल असते, मागचं चाक काढताना तिला हात लावायचं कारण नाही, तिचं ॲडजस्टमेंट बिघडवू नका. एबीएसच्या गाडीत मागच्या चाकाजवळ वायर असलेला सेन्सर आणि भोकांची चकती दिसली तर सेन्सरला स्क्रू ड्रायव्हरचा टेका देऊन काही उचकटू नका आणि चकती कशावर आपटू नका. स्टँडवर इंजिन चालू करून चाक फिरवलंत तर एबीएसचा दिवा पेटून राहू शकतो, चावी बंद करून परत चालू करा आणि थोडी चालवा, बहुतेक वेळा जातो. नाही गेला तर दाखवा.

ॲक्टिव्हाचं मागचं चाक असंच निघतं का?

नाही. चेन नाही, एक्सल आरपार नाही. बहुतेक स्कूटरला आधी सायलेन्सर काढायचा, मग चाकाच्या मधला मोठा नट, आणि चाक दातेरी शाफ्टवरून बाहेर ओढायचं. सायलेन्सर गार झाल्यावर. तिथला नट चांगलाच घट्ट असतो, खोलताना मागचा ब्रेक दाबून धरायला दुसरा माणूस लागतो. सायलेन्सरचं गॅस्केट नवं घाला नाहीतर फटफट आवाज येतो.

इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून चाक नीट फिरतंय का बघू का?

हाताने फिरवून बघा, तेवढं पुरतं. लोक याच वेळी एका हातात फडकं घेऊन फिरत्या चेनला लावतात, लगे हाथ पुसून घेऊ म्हणून, आणि चेन फडक्यासकट बोटं स्प्रॉकेटमध्ये ओढून नेते. बोटं तुटतात, अक्षरशः. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्या धुताना तर गल्लीत हमखास कोणीतरी हे करताना दिसतो. चेन पुसायची ती इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवत.

झालं, आता लगेच कामाला निघू?

आधी अंगणातल्या अंगणात. चाक हाताने फिरवून घासल्याचा आवाज नाही ना, टायर उजवीडावीकडे हलवून खेळ नाही ना, ब्रेकच्या पायाला दोन तीन सेंटीमीटर मोकळी चाल आहे ना, ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं होतंय ना, मागचा लाल दिवा ब्रेकबरोबर वेळेवर लागतोय ना. ब्रेक ॲडजस्ट केल्यावर दिव्याचं स्विच बहुतेक वेळा परत जुळवावं लागतं, ते सगळे विसरतात. हवा भरा, सिंगल आणि डबल सीटचा आकडा चेनकव्हरवरच्या नाहीतर स्विंग आर्मवरच्या स्टिकरवर असतो. ताटात काही उरलंय का बघा, एखादा वायसर उरला असेल तर जुने फोटो उघडा आणि तो कुठला ते सापडेपर्यंत गाडी हलवू नका.

मग हळू चालवत एकटेच एक चक्कर, मागे कोणाला न बसवता, आणि रिकाम्या रस्त्यावर दोन तीन वेळा मागचा ब्रेक नीट दाबून बघा. परत आल्यावर ड्रमला हात लावा. थोडा कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर ब्रेक धरून राहतोय, ॲडजस्टर एक दोन फेरे सैल करा. नवे लायनर असतील तर सुरुवातीला ब्रेक जरा कमी लागतो, ते घासून बसेपर्यंत पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. पन्नासेक किलोमीटर झाले की एक्सलच्या नटाला आणि टॉर्क आर्मच्या बोल्टला एकदा पाना लावून बघा.